ग्राफिक्स कार्डाचा भाव चढला, गाळेधारकाने काय करावे?

वसई रोड स्थानकातून पूर्वेला निघाले की रेल्वेमार्ग आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात गोखिवरे, सातिवली, वालीव ही गावे लागतात. नावाला गावे, पण आज येथे शेतांपेक्षा गाळे अधिक दिसतात. प्लास्टिकचे भाग, साचे, पॅकिंगचे खोके, छपाई, लोखंडाचे सुटे भाग असा नाना तऱ्हेचा माल येथून बाहेर पडतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला मशिनांचा खडखडाट ऐकू येतो. पोटमाळ्यावर ठेवलेला संगणक मात्र त्याला दिसत नाही. साच्याचे चित्र त्याच संगणकावर तयार होते, खोक्यावरची छपाई तेथेच जुळवली जाते आणि गिऱ्हाइकाला नमुनाही तेथूनच पाठवला जातो. मशीन बंद पडले तर एक पाळी बुडते. संगणक बंद पडला तर पुढची ऑर्डरच अडते.

या संगणकातील एका भागाने सध्या लहान धंदेवाल्याचे गणित बिघडवले आहे. तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याच्या जोडीला आता रॅमही आली आहे. एक बाब प्रथमच ध्यानात घ्यावी. ही भाववाढ लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने केलेली नाही. तिचे मूळ फार दूर आहे.

ग्राफिक्स कार्डाचे मूळ काम साधे होते. पडद्यावर लाखो ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला थोडी आकडेमोड लागते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो एका वेळी मोजकीच कामे करतो. ग्राफिक्स कार्डात हजारो लहान गणक एकाच वेळी आपापला ठिपका सोडवतात. एक हिशेबनीस आणि शाळेतील हजार मुले यांच्यात जो फरक, तोच येथे समजावा. अवघड ताळेबंद हिशेबनीसच करील, पण लाखभर बेरजा करायच्या असतील तर हजार मुले त्याच्या आधी मोकळी होतील.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे गणितही अशाच लाखो-कोटी साध्या गुणाकार-बेरजांचे असते. एनव्हिडिया कंपनीने २००६ मध्ये 'कुडा' नावाची प्रणाली जाहीर केली आणि चित्रांखेरीज इतर आकडेमोडही या कार्डांकडून करून घेण्याची सोय झाली. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील अॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी छायाचित्रे ओळखणारी एक प्रणाली तयार केली. तिने त्या क्षेत्रातील स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले. ती प्रणाली शिकवायला त्यांनी कोणता महासंगणक वापरला? कोणताही नाही. दुकानात मिळणारी, खेळ खेळण्यासाठी बनवलेली 'जीटीएक्स ५८०' जातीची दोन कार्डे त्यांना पुरली. गल्लीतील पोरांचे खेळणे आणि मोठ्या कंपन्यांचे भांडवल तेव्हापासून एकाच मांडवाखाली आले.

घाऊक गिऱ्हाईक आले आणि किरकोळ मागे पडले

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि या धंद्याचा तोल पार फिरला. तो किती फिरला हे एनव्हिडियाच्या ताळेबंदावरून दिसते. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला खेळांच्या कार्डांपासून सुमारे १२.५ अब्ज डॉलर मिळाले होते, तर डेटा सेंटरच्या मालापासून सुमारे १०.६ अब्ज. म्हणजे किरकोळ गिऱ्हाईकच तिचा मोठा अन्नदाता होता. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात डेटा सेंटरचा आकडा ११५ अब्ज डॉलरवर गेला आणि खेळांच्या कार्डांचा सुमारे ११.४ अब्जांवर राहिला. तीन वर्षांत एक गिऱ्हाईक अकरापट झाले, दुसरे होते तेथेच राहिले. अशा दुकानात काउंटरवर कोणाकडे आधी पाहिले जाईल, हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

यात वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. हिशेबच तसा आहे. डेटा सेंटरसाठीच्या एच-१०० चिपचे क्षेत्रफळ ८१४ चौरस मिलिमीटर असते. घरगुती कार्डांमधील सर्वांत मोठ्या आरटीएक्स ५०९० ची चिप ७५० चौरस मिलिमीटरची आहे. दोन्हींना सिलिकॉन जवळजवळ सारखेच लागते आणि दोन्ही तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यात तयार होतात. पण ५०९० चे आख्खे कार्ड १,९९९ डॉलरला जाहीर झाले, तर एच-१०० चा भाव पंचवीस ते तीस हजार डॉलर असल्याच्या बातम्या येत राहिल्या. भिवंडीच्या मागवाल्याला एकाच मागावर धोतराचा भाव आणि सुटिंगचा दहापट भाव मिळू लागला, तर तो धोतर किती दिवस विणील?

मेमरीची कथा याहून वाईट आहे. जगातील बहुतेक सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी, संगणकाची रॅम, मोबाइलची रॅम आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपला जोडली जाणारी 'एचबीएम' ही उंची मेमरी, या सर्वांचे मूळ कापड एकच, सिलिकॉनची चकती. मायक्रॉनच्याच हिशेबाप्रमाणे एचबीएमचा एक गट बनवायला साध्या डीडीआर-५ च्या सुमारे तिप्पट चकती खर्ची पडते. म्हणजे एचबीएम एक मीटर वाढली की साधी रॅम तीन मीटरने घटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख चकत्यांपर्यंतच्या गरजेचा उल्लेख होता. एवढी मोठी मागणी एकाच दाराशी उभी राहिल्यावर पुढे काय होणार हे बाजाराने ओळखले. २०२५ च्या मध्यापासून वर्ष सरेपर्यंत ३२ जीबी डीडीआर-५ च्या जोडीचा भाव दुपटीहून अधिक झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला 'क्रूशियल' हा किरकोळ विक्रीचा व्यवहार गुंडाळत असल्याचे जाहीर केले. जवळजवळ तीस वर्षे चाललेले नाव! ज्या रॅमच्या पाकिटावर डोळे झाकून भरवसा ठेवावा असे गाळेधारक मानत, ते पाकीटच काउंटरवरून उतरले.

वाचकांपैकी काही म्हणतील, मायक्रॉनने तर गुजरातमध्ये सानंदला कारखाना उभारला आहे आणि सातिवलीवरून जाणारा महामार्गच अहमदाबादला जातो. हे खरे आहे. तो प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला. पण तेथे चकती बनत नाही. बाहेरून आलेल्या चकतीची कापणी, बांधणी आणि चाचणी हे तेथील काम. त्यातून रोजगार मिळेल, ही चांगलीच गोष्ट आहे. रॅमचा भाव मात्र सानंदला ठरणार नाही.

मागणी परदेशातच आहे असेही नाही. पनवेल येथील योट्टा कंपनीच्या डेटा सेंटरसाठी २०२४ मध्ये एच-१०० चिप्स हजारोंच्या संख्येने मागवण्यात आल्या. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७१ कोटी ९२ लाख रुपयांची इंडिया एआय मोहीम मंजूर केली. तिच्यात सुरुवातीला १० हजार चिप्सचे उद्दिष्ट होते आणि २०२५ मध्ये हा आकडा ३८ हजारांच्या घरात गेला. त्यांचा वापर सवलतीत, तासाला सरासरी सुमारे ६५ रुपयांत देण्याची योजना आहे. पण ते यंत्रबळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी आहे. लग्नाचा अल्बम किंवा बाटलीच्या झाकणाचा साचा तेथे चालायचा नाही.

रुपयाचा वेगळा फटका

आपल्याकडे आणखी एक चिमटा बसतो, डॉलरचा. आरटीएक्स ५०९० जानेवारी २०२५ मध्ये आले तेव्हा भारतातील जाहीर किंमत २ लाख १४ हजार रुपये होती. डॉलर तेव्हा ८६ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. १,९९९ डॉलरच्या मालावर डॉलरमागे चार रुपये वाढले की जवळजवळ आठ हजार होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर साडेनऊ हजारांच्या घरात. कंपनीने एक सेंटही वाढवला नाही तरी गिऱ्हाइकाच्या खिशातून एवढे जास्त जाणार. एवढ्या मोठ्या कार्डाची सातिवलीत फारशी कोणाला गरज नाही, हा भाग वेगळा. पण ५९ हजारांना जाहीर झालेल्या ५०७० लाही हेच गणित त्याच्या प्रमाणात लागू आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, संगणकाच्या बाजाराने असे झटके पूर्वीही खाल्ले आहेत. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर ओतल्या जाणाऱ्या राळेचा जगातील निम्म्याहून अधिक पुरवठा तेथून होत असे. बघता बघता रॅमचे भाव आकाशाला भिडले. पेजमेकरवर मजकूर जुळवणाऱ्या छापखान्यांना तेव्हा चार एमबी वाढवणेही जड गेले होते. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क महागली. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आभासी नाणी 'खोदणाऱ्यांनी' ग्राफिक्स कार्डे पोत्याने उचलली.

हे सर्व झटके ओसरले. कारखाना पुन्हा उभा राहिला, पूर उतरला. इथेरियम या नाण्याने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धतच बदलली आणि खोदकाम बंद पडले. खोदकामातील कार्डे मग जुन्या बाजारात ढिगाने आली आणि अनेक होतकरू मुलांना स्वस्तात मिळाली. म्हणून पुष्कळ जण आज म्हणतात, थांबा, हाही फुगा फुटेल आणि माल स्वस्त होईल. आमचे मत वेगळे आहे. खोदकाम करणारा दुकानातलेच कार्ड वापरत होता, म्हणून ते परत दुकानात आले. डेटा सेंटरमधील चिप तशी नाही. तिला पडद्याची तार जोडायची सोय नसते. बहुतेकींना स्वतःचा पंखाही नसतो. अनेक तर वेगळ्याच पाटावर बसवलेल्या असतात, ज्यांना घरच्या संगणकात खाचच नाही. उद्या त्या भंगारात निघाल्या तरी पोटमाळ्यावर चढणार नाहीत. मागणी ओसरली तर कारखाने पुन्हा साध्या मालाकडे वळतील हे खरे, पण नवा मेमरी कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात आणि जुना माग फिरवायलाही महिने जातात. तोवर गिऱ्हाइकाची तारीख थांबत नाही.

रोखीने घेणाऱ्याची अडचण

या भाववाढीत सर्वांत अधिक कोण भरडला जातो? आमच्या मते, जो हप्त्याने घेत नाही तो. आमच्या वाचकांत असे अनेक आहेत. व्याज द्यायचे नाही म्हणून ते दरमहा थोडे बाजूला टाकतात आणि रक्कम जमली की रोखीने वस्तू घेतात. एरवी ही सवय फायद्याचीच, कारण संगणकाचा माल दरवर्षी स्वस्त होत असे आणि थांबणाऱ्याला कमी पैशात अधिक मिळत असे. आता उलटे झाले आहे. समजा, एखादा तरुण महिन्याला पाच हजार बाजूला टाकतो आणि त्याला ५९ हजारांचे कार्ड हवे आहे. बारा महिन्यांनी तो ६० हजार घेऊन दुकानात जातो. तोवर भाव ७० हजार झाला असेल तर त्याला आणखी दोन महिने थांबावे लागते आणि त्या दोन महिन्यांतही भाव पुढेच सरकतो. शेजारच्या गाळ्यातील माणूस हप्त्यावर घेऊन कामाला लागलेला असतो.

अशा वेळी 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी मोह घालते. ज्याला व्याज टाळायचे आहे त्याने ही पाटी नीट वाचावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. क्रेडिट कार्डावरील या योजनेत बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. पुढे कार्डाच्या विवरणात व्याजाचा रकाना येतो आणि त्या व्याजावर जीएसटीही लागतो. तीच सूट रोखीच्या गिऱ्हाइकाला देता का, असे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. विचारायला लाजू नये. काही ठिकाणी मिळते.

दुसरी वाट भागीदारीची. तीन-चार गाळे मिळून एक भारी संगणक घ्यायचा आणि रात्रीच्या वेळी पाळीपाळीने त्यावर रेंडरिंग लावायचे. रेंडरिंग हे काम माणसाने समोर बसून करायचे नसतेच. मात्र कोणाचे किती पैसे, बिघडले तर दुरुस्ती कोणाची, एक जण बाहेर पडला तर त्याला काय भावाने मोकळे करायचे, हे आधी कागदावर लिहून चौघांनी सही करावी. गाळ्यांच्या या पट्ट्यात मैत्रीवर चाललेल्या अनेक भागीदाऱ्या मशीनवरून नव्हे, तर न लिहिलेल्या कागदावरून मोडल्या आहेत.

खरेदीपूर्वीचा प्रश्न मात्र याहून साधा आहे. आपल्या कामाला हे कार्ड लागते काय? पुष्कळ वेळा उत्तर 'नाही' असे येते. साच्याचे चित्र काढणे आणि व्हीएमसी मशिनला कापण्याचा मार्ग तयार करून देणे, ही कामे मुख्यत्वे प्रोसेसर आणि रॅमच्या जोरावर चालतात. साधे किंवा आधीच बसवलेले ग्राफिक्स तेथे बहुधा पुरते. खोक्याची छपाई आणि अल्बमची जुळवणी यांचेही तसेच. त्यांना रॅम हवी आणि वेगवान डिस्क हवी. लग्नाचे फोर-के चित्रण संपादित करणाऱ्याला कार्ड लागते, पण मधल्या भावाचे चालते. खरे भारी कार्ड लागते ते त्रिमिती रेंडरिंगला आणि घरच्या घरी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चालवणाऱ्याला. तेथे वेगापेक्षा कार्डावरची मेमरी पाहावी. ८ जीबीचे नवे कार्ड घेऊन वर्षभरात पस्तावण्यापेक्षा १६ जीबीचे एक पायरी खालचे कार्ड बरे. विक्रेते बहुधा उलटे सुचवतात, कारण खोक्यावर मोठा आकडा वेगाचाच छापलेला असतो.

यंत्रबळ तासाच्या भाड्याने इंटरनेटवरून घेण्याचा मार्गही आहे. आठवड्यातून एखादेच रेंडर असेल तर तो परवडतो. लग्नाच्या चित्रणाला मात्र नाही. एका लग्नाचे शेकडो जीबी चढवायला जो वेळ जातो त्यात अर्धे काम घरच्या जुन्या कार्डावर आटोपते.

रॅम हवी असेल तर जुन्या मदरबोर्डला कोणती बसते हे आधी पाहावे. डीडीआर-४ जुनी म्हणून स्वस्त असेल, ही समजूत आता सोडून द्यावी. कंपन्यांनी तिचे उत्पादन आवरते घेतल्यामुळे २०२५ मध्ये तीही महागली. बंद पडलेल्या संगणकातील चांगली रॅम भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण आजही दिली जाते.

आता ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडविषयी, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाविषयी. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असते. दुकानदाराची बाजूही ऐकावी. त्याने जुन्या भावात घेतलेले कार्ड जुन्या भावात विकले, तर तेवढ्या पैशात त्याला नवे कार्ड भरता येत नाही आणि त्याचे भांडवलच झिजते. हे समजू शकते. पण माल मागे ठेवून 'नाही' म्हणणे आणि चार दिवसांनी तोच माल चढ्या भावाने काढणे, किंवा हवे ते कार्ड घ्यायचे तर सोबत नको असलेला मदरबोर्ड घ्याच म्हणून अडून बसणे, याला व्यापार म्हणता येत नाही. असा अनुभव आला तर दुसरे दुकान पाहावे. दहा पावलांवर असते.

बिल मात्र सोडू नये. 'बिलाशिवाय घेतले तर इतके कमी' हा सौदा गाळेधारकाला महागात पडतो. जीएसटी क्रमांक असलेल्या आणि कंपोझिशन योजनेत नसलेल्या धंद्याला १८ टक्के कराची वजावट मिळू शकते. ५९ हजारांच्या कार्डात कराचा भाग ९ हजार रुपये आहे. बिलाशिवाय तो गेला आणि हमीच्या काळात कार्ड बिघडले तर कंपनीच्या सेवा केंद्रात उभे राहायला आधारही गेला.

जुने कार्ड घेणाऱ्याने डोळे अधिक उघडे ठेवावेत. खोदकामात दिवसरात्र तापलेली कार्डे अजून हातोहात फिरत आहेत. तापल्यानेच ती वाईट होतात असे नाही, पण पंखा आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट यांचे आयुष्य संपलेले असते. याहून मोठी फसवणूक म्हणजे बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्डात खोटी माहिती भरून ते नव्या जातीचे म्हणून विकणे. संगणकही मग खोटेच नाव दाखवतो. 'जीपीयू-झेड' हे फुकट मिळणारे साधन पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे. चिपचे खरे नाव आणि मेमरीचा प्रकार त्यात दिसतो. दुकानातच कार्ड बसवून अर्धा तास जड काम चालवायला सांगावे आणि पडद्यावर रंगीत चौकटी किंवा रेघा उठतात का ते पाहावे. अनुक्रमांकाची चिकटपट्टी खरवडलेली असेल तर भाव विचारण्याचीही गरज नाही. घरच्या संगणकाचा पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे हे निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. ५०९० एकटे ५७५ वॅट ओढते. लहान कार्डे पुष्कळ कमी ओढतात, पण जुन्या चारशे वॅटच्या डब्यावर मधले कार्ड लावून पहिल्याच आठवड्यात दोन्ही जाळून घेणारे कमी नाहीत.